कड्यावरचं लाल लुगडं

आमच्या मानवतकडच्या माणसाला डोंगर कसा सांगावा, हे मला परत आल्यापासून कोडं पडलंय. आपल्याकडं जमीन अशी, की पलीकडच्या शिवारात बैल उधळला तरी तो कुणाचा हे बांधावर उभं राहून ओळखता येतं. खंडाळ्यात तसं नाही. तिथं बंगल्याचं कुंपण संपलं की जमीनही संपली आणि खाली ढग. पहिल्या सकाळी मी तांब्या घेऊन बाहेर आलो, कुंपणाशी चूळ भरली आणि ती चूळ कुठं गेली ते कळलंच नाही. मागं सरकत सरकत भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. थोड्या वेळानं पुन्हा बघायला गेलो. सगळ्या मुक्कामात माझं हेच चाललं होतं. भ्यायचं, आणि पुन्हा बघायला जायचं.

कुणाबरोबर गेलो ते आधी सांगतो. सहावीत माझी शाळा सुटली. पुढं पुण्याला येऊन एका कॉलेजात शिपाई म्हणून लागलो. तिथं डॉ. प्रभावती गोठोसकर नावाच्या बाई आहेत. त्यांचा विषय सांगितला की लोक आधी हसतात. अडचण आली असता माणसाला नवी युक्ती सुचते कशी, आणि सुचत नसेल तर ती सुचावी म्हणून काय करता येईल, याचा त्या अभ्यास करतात. कॉलेजातले काही जण त्यांना पाठीमागं 'युक्तीवाल्या बाई' म्हणतात. बाईंना ते ठाऊक आहे. 'नाव चांगलं आहे, पाटीवर लिहून घ्यावं,' असं म्हणतात.

पूर्वी त्या सोलापूरला मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या. गणित घातलं की मुली फळ्याकडं बघायचं सोडून बाईंच्या तोंडाकडं बघतात, हे त्यांच्या ध्यानात आलं. उत्तर बाईंच्या भुवयांवर लिहिलेलं असावं तसं. हे असं का होतं, या एका प्रश्नापायी त्यांनी चांगली नोकरी सोडली, लग्नाचं राहून गेलं, आणि शिष्यवृत्ती मिळवून बोटीनं परदेशी गेल्या. तिथं बर्फात राहून याच विषयाचे धडे घेतले, प्रबंध लिहिला आणि परत आल्या. त्यांची पद्धत ऐकायला सोपी आहे. अडचण मांडायची आणि सुचेल ते प्रत्येकानं बोलायचं. वेडं वाटलं तरी बोलायचं. त्या वेळात कुणी कुणाला 'नाही' म्हणायचं नाही. म्हटलं, की बाई टेबलावरची पितळी घंटी वाजवतात. हा झाला पहिला भाग. दुसऱ्या भागात मग सगळं चाळायचं, खोट काढायची, दोन युक्त्यांची एक करायची.

माझं काम चिठ्ठ्या कापायचं आणि लोक बोलतील ते भराभर चिठ्ठ्यांवर उतरवायचं. माझं अक्षर बरं आहे म्हणून बाईंनी मला मागून घेतलं. पहिल्या व्याख्यानानंतर त्या म्हणाल्या, "नामदेवराव, तुम्हाला काय वाटलं?" मी मागं वळून पाहिलं, नामदेवराव कोण आलेत ते. तोवर मला 'काय वाटलं' असं कुणी विचारलं नव्हतं. त्या बाईंसाठी मी कड्याच्या टोकावर उभा राहायला तयार आहे, हे तेव्हा मनात म्हणून ठेवलं होतं. खरंच उभं राहावं लागेल असं वाटलं नव्हतं.

खंडाळा

कारखान्यांतल्या मोठ्या अधिकाऱ्यांसाठी एका बंगल्यात बाईंचं शिबिर होतं. कार्तिक महिना, सकाळी धुकं, दुपारी सोन्यासारखं ऊन. घाट चढून आलेल्या गाड्यांची मागची इंजिनं सुटून पुन्हा खाली जाताना शिट्टी द्यायची, ती थेट जेवणाच्या टेबलापर्यंत यायची. मी लोणावळ्याला जाऊन चिक्की घेऊन आलो. आपल्याकडच्या गूळ-शेंगदाण्याला इथं कागदात गुंडाळून केवढा मान.

दुसऱ्या दिवशी बाईंनी अधिकाऱ्यांना सरावासाठी विचारलं, एका विटेचे किती उपयोग होतील? साहेबमंडळी खुलली. कुणी म्हणे उशाला, कुणी म्हणे लोणच्यावर दडपण. मी चिठ्ठ्या भरत होतो. बंगल्यावर झाडलोट करणाऱ्या ठकूमावशी कोपऱ्यात केरसुणी धरून ऐकत होत्या. त्या माझ्या कानाशी आल्या.

"भाऊ, ही समदी सायबं हायेत न्हवं?"

"होय मावशी."

"आन् विटेचं करायचं काय, ते त्यास्नी ठावं न्हाई?"

मला हसू आवरेना. बाईंनी ते पाहिलं आणि जेवणाच्या सुट्टीत मावशींना शेजारी बसवून घेतलं. बाईंचा आवाज तोवर बसत आला होता. घोगऱ्या आवाजात त्या म्हणाल्या, "मावशी, वीट राहू द्या. तुमच्या गावची एखादी खरी अडचण सांगा."

मावशींनी पदर खोचला. "आमची करवंदवाडी हितं वरच्या अंगाला, कड्याच्या माथ्याला. दिसाचा बाप्या गडी मिळत न्हाई बाई वाडीत. कोन रेल्वेत गँगला, कोन बंगल्यावर. माज्या भाच्याची बायकू हौसा, दिस भरत आल्यात तिचं. गेल्या साली शेजारची एक अशीच अडली. खाली न्यायाची झोळी उचलायला चार गडी गोळा हुईस्तवर दीस गेला. ती वाचली, प्वार गेलं. तवापासनं हिला धास्ती. रातीचं न्हाई भ्या, गडी घरी आसत्यात. पर प्वार काय, गडी घरी हायेत का बगून येतंय?"

बाईंनी ताट बाजूला सारलं. त्यांचं पुस्तक लिहून होत आलंय, शेवटचं प्रकरण तेवढं अडलंय, हे मला माहीत होतं. पुण्यात एकदा त्या म्हणाल्या होत्या, "ज्यांना चिठ्ठी वाचता येत नाही त्यांच्यात ही पद्धत चालते का, हे मी पाहिलेलं नाही. न पाहता लिहू कशी?"

शिबिर संपलं, मोटारी गेल्या, आणि बाईंचा आवाजही पुरता गेला. त्यांनी एक चिठ्ठी माझ्यापुढं सरकवली. 'उद्या करवंदवाडीला जाऊ. बोलायचं तुम्ही.'

मी म्हणालो, "बाई, आवाज सुटेपर्यंत थांबू की." त्यांनी खाली आणखी एक ओळ लिहिली. 'हौसा थांबेल का?'

वरची वाट

रेल्वेच्या रुळांशेजारी, रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगवाल्यांची झोपडी आहे. तिथून वाट वर निघते. वाट म्हणजे कातळात पाय रोवायला केलेल्या खोबण्या, एका अंगाला कारवीची झुडपं, दुसऱ्या अंगाला काही नाही. बाई साडीचा ओचा खोचून काठी टेकत माझ्यापुढं. मावशी अनवाणी, डोक्यावर मिठाचं गाठोडं, आणि बोलणं थांबायचं नाव नाही. मी मात्र चारी हातापायांवर.

"भाऊ, खाली नगा बगू."

"बघत नाही मावशी."

"मंग डोळं का मिटल्यात? वर तरी बगा."

माथ्यावर पोचलो आणि पोटातली भीती एकदम निघूनच गेली. पिकलेल्या भाताच्या पिवळ्या खाचरांच्या पायऱ्या, मध्ये कुडाची घरं, लांब कुठं तिकोना किल्ल्याचा सुळका आणि सगळ्यावर आंबेमोहराचा वास. आपल्याकडं भात म्हणजे आजाऱ्याचा, नाहीतर लग्नातला. इथं भूक लागली की भात. मावशींनी त्यावर खेकड्याचं कालवण वाढलं. नांगी कशी फोडायची ते मला जमेना. मी दातानं जोर केला, ती सटकून शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याच्या पागोट्यावर गेली. ते धोंडूआबा. हौसाचे सासरे आणि वाडीतले सगळ्यांत वडीलधारे. पागोट्यावरची नांगी काढून त्यांनी शांतपणे माझ्या ताटात ठेवली आणि म्हणाले, "पाव्हणं, ह्यो मेलेला हाये. पळत न्हाई."

हौसा चुलीशी बसली होती. बारकुडी पोर, पोट मोठं. मी निघालो तेव्हा तिनं हळूच विचारलं, "तुमी कायतरी करनार हाये म्हनं?" मला तिच्याकडं बघवलं नाही.

सभा देवळापुढं भरली. आपल्या गावच्या रीतीप्रमाणं मी आधी आबांना घोंगडी अंथरली, पान दिलं आणि पहिला शब्द त्यांना टाकला. अडचण मांडून म्हणालो, "आबा, तुम्हाला काय सुचतं?"

आबांनी पान जुळवलं. "सुचायचं काय त्यात. हे असंच चालत आलंय. देवाच्या मनात आसंल तसं हुईल."

सगळ्या माना हलल्या. मी तुकाला विचारलं. हा गँगमधला गडी, त्या आठवड्यात सुट्टीवर होता. "आबा बोललं की," तुका म्हणाला. मी मावशींना विचारलं. बंगल्यावर तोंडाला खीळ नसलेल्या मावशी, त्याही पदर पुढं ओढून म्हणाल्या, "आबा म्हनत्यात तेच." मी घशाला कोरड पडेस्तोवर बोललो. शेवटी लोक उठून गेले. बाईंच्या विश्वासाची मी माती केली असं वाटून मी पारावरच बसलो. बाईंनी चिठ्ठी लिहिली. 'वाईट वाटून घेऊ नका. बोलायच्या आधी ते सगळे कुठं बघत होते?'

ते आबांच्या तोंडाकडं बघत होते. सोलापूरच्या त्या मुली शंभर कोसांवर बसून माझ्याकडं बघून हसताहेत असं मला वाटलं.

इर्जिक

दुसऱ्या दिवशी आबांच्या खाचरावर इर्जिक होती. आपल्याकडं हा शब्द कमी झाला, म्हणून सांगतो. ज्याचं काम असेल त्याच्या रानात सगळ्या वाडीनं जायचं, मजुरी नाही, त्या घरानं जेवू घालायचं. उद्या दुसऱ्याच्या रानात. भात कापून ठेवलेलं होतं, ते झोडायचं होतं. मोठ्या धोंड्यावर पेंढी आपटायची, दाणे खाली पडतात. आम्हीही हातभार लावायला गेलो. मी तीन-चार पेंढ्या झोडल्या असतील, तोच ठकूमावशींचा आवाज आला.

"आबा, भात झोडताय का गोंजारताय?"

मला वाटलं आता काही खरं नाही. पण आबा हसले. "तू तुजी पेंढी बग ठके. निम्मं दानं तिच्यातच ऱ्हायलं. घरी न्हेऊन झोडनार हाईस व्हय?"

"आबाचं डोळं गेलं आता," तुका म्हणाला. "दानं दिसत न्हाईत, पेंढ्याच दिसत्यात."

कालची तीच माणसं. इर्जिकीत मानपान नसतो. हात चालू असले की जीभ मोकळी. देवळापुढं मी त्यांना बसवलं, तिथंच चुकलो. बाई बांधावर बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडं बघून नुसती मान हलवली. कळलं तुम्हाला, अशी.

घंटी खंडाळ्यात राहिली होती. मी तिथल्या तिथं डाव मांडला. "मंडळी, एक खेळ खेळू. झोळीला गडी नाहीत, काय करावं ते बोला. वेडंवाकडं चालेल. पण दुसऱ्याच्या बोलण्यावर जो 'न्हाई जमायचं' म्हणेल, त्यानं शेजाऱ्याच्या वाटणीची एक पेंढी झोडायची."

"घोडं ठेवा वाडीत," तुका लगेच म्हणाला.

"घोड्याला खायाला कुटनं आननार, ते न्हाई—" आबा बोलले आणि चारी बाजूंनी आवाज उठला, "पेंढी, आबा."

आबांनी पेंढी घेतली. मग जे सुरू झालं ते मला चिठ्ठ्यांवर मावेना. रॉकेलचा डबा बडवा. या टेकाडावरून त्या टेकाडावर हाळी द्या. कुत्र्याच्या गळ्यात चिंधी बांधून खाली सोडा. हौसाला आत्ताच बंगल्यावर नेऊन ठेवा.

"आन् माज्या म्हशीला कोन, तुजी आय बगंल?" हौसा म्हणाली.

हे 'नाही' झालं की नाही यावर मोठा वाद पडला. तिनं नाही म्हटलेलं नाही, फक्त विचारलंय, असं मावशींचं म्हणणं. निकाल हौसाच्या बाजूनं लागला, आणि ती हसत हसत, कुणाकडं न बघता म्हणाली, "म्या लुगडं कड्यावर वाळत घालते, तवा आमचं हे खाली रुळावरनं बगत्यात. सांजच्याला आले की सांगत्यात, आज हिरवं हुतं, आज जांभळं हुतं."

लोक इतके हसले की झोडणं थांबलं. हौसाचा नवरा बबन खाली गँगमध्ये कामाला. तो रूळ ठोकतो की लुगडी मोजतो, हे विचारून झालं. आणि मग हसू हळूहळू विरलं. खालून दिसतं. खाली गडी आहेत. मी ओरडलोच असेन बहुतेक. बांधावर बाई उभ्या राहून दोन्ही हात हलवत होत्या.

"कपडा लावायचा कड्याला. दिसला की गडी वर. कोणता रंग?"

"लाल," मावशी म्हणाल्या. "माजं लाल लुगडं हाये. लय लांबनं दिसतं."

कुणी काही बोललं नाही. कोण बोलणार, पेंढी झोडावी लागली असती. तेवढ्यात बाईंनी एका बाईच्या हातातलं सूप घेतलं आणि माझ्याकडं बघत ते रिकामंच पाखडू लागल्या. चिठ्ठ्या आणि पेन्सिल माझ्याकडं, आवाज गेलेला. मला वाटलं, बाईंनाही हातभार लावायचाय. मी धावत जाऊन त्यांच्या सुपात पायलीभर भात ओतलं. बाईंनी माझ्याकडं असं काही पाहिलं, की काय सांगू. मग त्या भात पाखडू लागल्या. बायका म्हणाल्या, शिकलेली असून हात बरा चालतो.

लाल लुगडं

सकाळी धुकं फाटल्यावर कड्याच्या टोकाला कारवीचा लांब फोक रोवला आणि मावशींचं लुगडं बांधलं. मी पोटावर पडून खाली पाहिलं. रुळांच्या रेघा, त्यावर मुंग्यांएवढी माणसं. वारा असा, की लुगडं फडफडायला लागलं. पलीकडून घाट चढत एक मालगाडी आली. तिनं लांब शिट्टी दिली आणि मधोमध वळणावर उभी राहिली.

आम्ही टाळ्या वाजवल्या. दिसलं, दिसलं. मग टाळ्या वाजवता वाजवता मीच थांबलो.

"गाडी का थांबली?"

"लाल म्हंजी थांबा," तुका म्हणाला. "दरड आली तर आमी आसंच फडकं हालवतो."

"मग काल बोलला का नाहीस?"

"न्हाई म्हनलं आसतं तर पेंढी."

निम्म्या वाडीला ते ठाऊक होतं. सगळे माझ्या खेळाचा नियम पाळत गप्प राहिले होते. बाई सूप घेऊन मला काय सांगत होत्या ते तेव्हा डोक्यात उजेड पडला. आता पाखडा, चाळा, खोट काढा. पद्धतीचा दुसरा भाग मी पार विसरलो होतो, आणि बाईंच्या सुपात भात ओतलं होतं.

लुगडं ओढून काढलं. गाडी गेली. थोड्या वेळानं रेल्वेचे एक साहेब बूट घालून कडा चढून आले. चेहरा लुगड्याहून लाल. बरोबर घाबरलेला बबन.

"हे कुणाचं डोकं?"

मला तुरुंग दिसायला लागला. म्हणालो, "माझं, साहेब."

"त्यांचं एकट्याचं न्हाई," आबा पुढं झाले. "आमचं समद्यांचं. बसा, पानी घ्या."

साहेब बसले, ते दम लागला म्हणून. मावशींनी पाणी दिलं, गरम भात पुढं ठेवला. हौसा दारात उभी होती. साहेबांनी तिच्याकडं एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "हे सगळं कशासाठी?" मी सांगितलं. सगळं सांगितलं. शिबिर, वीट, झोळी, इर्जिक. ते ऐकता ऐकता जेवले.

"गाडी थांबवणं हा गुन्हा आहे, कळतं ना तुम्हाला? लाल नको. हिरवा नको. पिवळाही नको, तोही आमचाच आहे."

"सायेब, तीन येळा नको म्हनलात," मावशी म्हणाल्या. "तीन पेंढ्या."

साहेब माझ्याकडं बघू लागले. मी धसका घेऊन मान खाली घातली. पण आबांनी खरोखरच त्यांच्या हातात पेंढी दिली आणि साहेबांनी बुटासकट उभं राहून ती धोंड्यावर आपटली. एकच. दोन माफ झाल्या.

या वेळी मी आपणहून सूप उचललं. "आता दुसरा खेळ. आता प्रत्येकात खोट काढायची. 'नाही' म्हणायला मोकळीक."

"मंग म्या कवाचा वाट बगतोय," आबा म्हणाले.

त्या माणसाला 'नाही' म्हणायची देणगीच होती. पांढरं धोतर नको, धुक्यात आन् धोतरात फरक कळायचा न्हाई. लुगडं नको, लुगडी रोजच वाळत असतात. काळी घोंगडी पिवळ्या गवतावर उठून दिसेल, पण एक घोंगडी कुणीही वाळत घालेल, तर दोन घाला. दोन शेजारी शेजारी चिकटल्या तर एकच वाटेल, मध्ये फट सोडा. साहेब म्हणाले, "आणि वळणाच्या अलीकडं बांधा, ड्रायव्हरला दिसणार नाही, गँगला दिसेल." बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यांनी खुणेनं ते धुक्यावर ढकललं, धुकं तर कधीच गेलेलं.

त्याच दुपारी घोंगड्या लावून पाहिल्या. बबन आणि तिघे जण धापा टाकत वर आले. आबा खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पुन्हा लावल्या, आणखी लवकर येतात का बघायला. दुपारी पुन्हा. गडी आले, चहा प्याले आणि शिव्या देत उतरले.

खाली

निघायच्या दिवशी बाई आणि मी वाट उतरून गँगच्या झोपडीशी टेकलो होतो. खडी पसरणं चाललं होतं. मी सहज वर पाहिलं. कड्यावर दोन काळे ठिपके, मध्ये फट.

"बबनराव," मी म्हणालो.

बबननं पाहिलं आणि फावडं पुन्हा खडीत घातलं. "आबानं पुन्ना परीक्षा लावली."

"आज एकानं बी जायाचं न्हाई," गँगचे मुकादम म्हणाले. "दोन दिसांत तीनदा काम टाकून पळाले. मला वर जाब द्यावा लागतो."

त्यांचं काही चुकत नव्हतं. पण मी लहानपणापासून असा आहे. कडी लावली का हे बघायला अंथरुणातून दोनदा उठणारा. परीक्षा असेल. पण नसली तर? बाई मुकादमांना काही सांगू पाहत होत्या, घशातून नुसती हवा येत होती. मी मुकादमांपुढं जाऊन उभा राहिलो.

"मुकादम, खोटं निघालं तर या चौघांचं काम मी करतो. खडी टाकतो."

त्यांनी माझ्या दंडाकडं पाहिलं. "तुमच्यानं पाटी तरी उचलंल का?"

"नाही उचलणार. तरी जाऊ द्या त्यांना. मी परभणीकडचा माणूस, मला हा कडा बघून फेफरं येतं. मीही जातो बरोबर."

यावर एक गडी हसला. मुकादम हसले नाहीत. त्यांनी वर पाहिलं, बबनकडं पाहिलं. "जा. पर ही शेवटची खेप."

निम्म्या वाटेवर मावशी भेटल्या. केस सुटलेले. "किती येळ. किती येळ लावला रं. कळा सकाळपासनं हायेत." बबन त्यानंतर वाटेनं गेलाच नाही, सरळ कातळावरून गेला.

बांबूला घोंगडी बांधून झोळी केली. उतारावर पुढच्या दोघांनी खांदे उंच धरायचे, मागच्यांनी वाकायचं. अरुंद जागी मागं दोघांना शेजारी मावायला वाव नव्हता, तिथं माझी उंची कमी म्हणून बांबूखाली मी एकटा शिरलो. खांद्याची साल निघाली. हौसा मधूनच कण्हायची, मधूनच बोलायची.

"हळू चाला की. म्होरं कोन जेवाया वाढून बसलंय?"

"तू गप," बबन म्हणाला.

"गप बसले आसते तर आज तुमी खालीच ऱ्हायला आसता."

रुळाशी आलो, तर मुकादमांनी साहेबांची रुळावरची ढकलगाडी आणवून ठेवलेली. साहेब स्वतः उभे. "बसवा," एवढंच म्हणाले. बाई ढकलगाडीवर बसल्या, हौसाचं डोकं मांडीवर घेतलं, आणि गँगनं ती घाटाच्या चढावर ढकलत नेली. खंडाळ्याहून बंगल्याची मोटार, तिथून लोणावळ्याचं हॉस्पिटल.

दिवे लागायच्या सुमाराला मुलगी झाली. दोघी सुखरूप. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं.

व्हरांड्यात सगळी वाडी जमली. मुकादमही आले. सर्वांत शेवटी धोंडूआबा, काठी टेकत, त्या वाटेनं एकटे उतरून. नात बघून आले आणि खांबाला टेकून बसले.

"येक पंचाईत ऱ्हायली," ते म्हणाले. "मुकादमाचं बी खरं हाये. घोंगड्या दिसल्या, पर परीक्षा हाये का खरं हाये, हे खालच्यानं वळकावं कसं?"

सगळ्यांनी सवयीनं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं.

"माज्याकडं नगा बगू," आबा म्हणाले. "म्या शेवटाला बोलनार. तुमी आदी."

मावशींनी लगेच सुरुवात केली. मुकादमांनी त्यांच्या युक्तीला 'नाही' म्हटलं आणि हॉस्पिटलात पेंढी कुठून आणायची यावर हशा पिकला. मी चिठ्ठ्या काढायला खिशात हात घातला. बाईंनी माझं मनगट धरलं आणि मान हलवली, नको. आम्ही दोघं बाकावर बसून ऐकत राहिलो. परिचारिका दोनदा येऊन हळू बोला म्हणून सांगून गेली.

आतून हौसाचा दमलेला आवाज आला. "खरं आसंल तवा तिसरी घोंगडी टाका की. इतकं काय त्यात."

आबांनी काही म्हणायला तोंड उघडलं, आणि मिटलं.